‘डुप्लिकेट’ ठरलेल्या माणसाने जायचं कुठे?

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांची आहे, अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या कंपनीकडे एका सरकारी खात्याचं काम आहे. गरजू कुटुंबांना दरमहा मदत मिळते, त्या यादीत एकच माणूस दोनदा आला असेल तर तो शोधायचा. नावं जुळवून पाहणारा भाग माझ्याकडे आहे. नाव, जन्मतारीख आणि पत्ता पाहून प्रोग्राम गुण देतो. गुण ठरावीक आकड्यापुढे गेले की अर्जावर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का बसतो. मूळ आराखड्यात असा प्रत्येक अर्ज आधी कर्मचाऱ्याने तपासायचा होता. मुदत जवळ आली तसं ठरलं, की शिक्का बसताच पैसे आपोआप थांबवायचे. ज्याला मान्य नसेल त्याने तक्रार करावी, मग कर्मचारी बघेल. त्याच्या स्क्रीनवर ‘शिक्का कायम’ हे एका क्लिकचं बटण आहे. शिक्का काढायचा असेल तर मात्र कारण लिहून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते.

मी मीटिंगमध्ये विचारलं, चुकीच्या माणसावर शिक्का बसला तर? मॅनेजर म्हणाले, ‘हजार अर्जांवर चाचणी घेतली, एकही चूक निघाली नाही. ९९ टक्के अचूकता आहे. माणसं याहून जास्त चुकतात.’ त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. नवरा म्हणतो, तू कोड लिहितेस, धोरण ठरवत नाहीस. घराचे हप्ते चालू असताना हे कशाला ओढवून घेतेस. पण झोप लागत नाही. गप्प बसू, की राजीनामा देऊ?

— एक वाचक

*

तुमच्या पत्रातली ‘त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही’ ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. राजीनाम्याचं नंतर बघू. आधी ते म्हणणं हातात घेऊ. त्यात तीन निरनिराळी विधानं आहेत आणि मीटिंगमध्ये ती एका दमात ऐकली की भलेभले गप्प होतात.

हजार अर्जांची चाचणी घ्या पहिली. वर्गात २३ मुलं असली की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे कोडं तुम्ही कॉलेजात नक्की सोडवलं असेल. २३ हा आकडा लहान वाटतो, पण त्यांच्या जोड्या २५३ होतात, आणि गंमत जोड्यांचीच आहे. तुमचा प्रोग्रामही जोड्याच तपासतो. हजार अर्जांच्या जोड्या झाल्या ४,९९,५००, म्हणजे साधारण पाच लाख. खरी यादी लाखाची असेल, तर जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. यादी शंभर पट वाढली आणि योगायोगाला वाव मिळाला दहा हजार पट. समजा, दोन वेगवेगळी माणसं कागदावर सारखी दिसण्याचा योग कोटी जोड्यांत एकदाच येतो. तुमच्या चाचणीत तो दिसण्याची शक्यता विसात एक. लाखाच्या यादीत तोच योग पाचशे वेळा येईल. म्हणजे ‘एकही चूक निघाली नाही’ हे खरंच आहे. निघणारच नव्हती.

तुम्ही म्हणाल, आम्ही सगळ्या जोड्या कुठे तपासतो, आधी जन्मवर्षाने गट पाडतो. पाडा की. त्याने मशीनचा वेळ वाचतो, योगायोग वाचत नाही. कागदावर सारखी दिसणारी माणसं शेवटी एकाच गटात येऊन पडतात.

आता ९९ टक्के. हा आकडा ऐकला की माणसाची मान आपोआप डोलते. लाखभर अर्जांत ५०० लबाड आहेत असं धरा. प्रोग्राम लबाडांतले ९९ टक्के पकडतो, म्हणजे ४९५. उरलेले ९९,५०० प्रामाणिक. त्यांतल्या एक टक्क्यावर तो चुकून बोट ठेवतो, म्हणजे ९९५. शिक्का बसलेले एकूण १,४९०, आणि त्यांतले दोन तृतीयांश निरपराध. प्रोग्राम वाईट आहे म्हणून हे घडत नाही. लबाड माणसं मुळात कमी असतात, म्हणून घडतं. आणि गरजूंच्या यादीत ती कमीच असतात, हे योजना चालवणाऱ्या कुणालाही आतून ठाऊक असतं. मॅनेजरना एवढंच विचारा, की ९९ टक्के कशाचे? सगळ्या अर्जांचे, की शिक्का बसलेल्यांचे? माझा अंदाज, त्यांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारलेलाच नाही. त्यात लबाडी नाही, आकडा कुणीतरी स्लाइडवर लिहून दिला आणि तो तिथेच राहिला.

शिवाय ही चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या माणसाच्या नावापुढे १ जानेवारी लिहून मोकळं होण्याची रीत अनेक देशांच्या कचेऱ्यांत आहे. म्हणजे ज्यांच्याकडे कागद कमी, ती माणसं प्रोग्रामला आधीच एकमेकांसारखी दिसू लागतात. ज्याची तारीख २३ सप्टेंबर अशी नीट नोंदलेली, तो सुटला. नावांचंही तसंच. उच्चारावरून नावं जुळवायची साउंडेक्स ही पद्धत अजून कित्येक ठिकाणी वापरात आहे. तिचं पेटंट अमेरिकेत १९१८ साली निघालं, आणि ती इंग्रजी कानासाठी बनवली होती. दुसऱ्या लिपीतून आलेलं नाव तीन कचेऱ्यांत तीन तऱ्हेने लिहिलं जातं, आणि तीन निराळी नावं एकाच साच्यात जाऊन बसतात. अक्षरांतला फरक मोजत असाल, तर लांबलचक नावात एका अक्षराची चूक खपून जाते. दोन-तीन अक्षरी नावात तेच एक अक्षर म्हणजे निराळा माणूस.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीला लागले तेव्हा एका शिष्यवृत्तीच्या यादीतून दुबार नावं काढण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळतो, पहिल्या नावात फक्त एका अक्षराचा फरक आहे, तर ती टाइप करताना झालेली चूक समजायची आणि एक नाव गाळायचं, असा नियम मी केला. फार हुशारीचा वाटला होता मला. वर्षभर एकही तक्रार आली नाही. पुढच्या वर्षी अर्ज द्यायला आलेल्या एका वडिलांनी सहज विचारलं, ‘घरटी एकीलाच मिळते ना हो?’ लीना आणि नीना. जुळ्या. घरटी एक असा नियम कधीच नव्हता. कचेरीने एकीचे पैसे दिले नाहीत, म्हणजे नियमच तसा असणार, असं त्या माणसाने धरून टाकलं होतं. तक्रार करता येते, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्या वार्षिक अहवालात मात्र छापलं होतं: तक्रारी शून्य.

म्हणून तुमच्या पत्रातलं ‘ज्याला मान्य नसेल त्याने तक्रार करावी’ हे वाक्य मला गुणांच्या आकड्यापेक्षा जास्त टोचलं. प्रोग्राम चुकणारच, माझाही चुकला. प्रश्न आहे चूक दाखवून देण्याचं काम कुणाच्या गळ्यात पडतं, आणि त्याच्या अंगात तेवढं बळ आहे का. आधी तपासणी आणि मग पैसे थांबवणं, हा क्रम तुमच्याकडे मुदत जवळ येताच उलटा झाला. दिसायला छोटी गोष्ट. पण आधी सिद्ध करण्याचा भार खात्यावर होता, आता तो ज्याचे पैसे थांबले त्याच्यावर आला. आणि त्याने सिद्ध काय करायचं? की मी मीच आहे, ती दुसरी बाई मी नव्हे. करून बघा एकदा.

असा भार सरकला की काय होतं, याची मोठी उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये १९८४च्या कायद्यात अट होती, की संगणकातून निघालेला कागद पुरावा म्हणून आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. ती अट कटकटीची ठरली आणि १९९९च्या कायद्याने काढून टाकली. त्यापुढे गृहीत धरलं जाऊ लागलं, की संगणक नीटच होता. नव्हता असं ज्याला म्हणायचं आहे त्याने काहीतरी दाखवावं. नेमक्या त्याच सुमारास ब्रिटिश पोस्ट ऑफिस आपल्या शाखांत होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवत होतं. शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. प्रत्यक्षात पैसे गेलेले नसत, तूट प्रणालीतल्या दोषांमुळे दिसत असे. पण संगणक चुकला हे दाखवायला लागणारे लॉग, म्हणजे संगणकाच्या आतल्या नोंदी, होत्या प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीकडे. सबपोस्टमास्तरांच्या हातात होती छापील पावती. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. कुणी तुरुंगात गेलं, कुणी घर विकून न झालेली तूट भरली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे मान्य केलं, आणि सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा संसदेने केला तो २०२४ साली.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट तुमच्या कामाच्या आणखी जवळची आहे, कारण तिथेही दोन याद्या जुळवण्याचाच मामला होता. करखात्याकडे वर्षाची कमाई, मदत देणाऱ्या खात्याकडे पंधरवड्याची. रोबोडेट या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत वर्षाच्या कमाईला २६ने भागलं आणि आलेला आकडा हीच दर पंधरवड्याची कमाई असं धरलं. आता बघा. एकाने पहिले सहा महिने काम केलं, दर पंधरवड्याला २,००० डॉलर मिळवले, मग नोकरी गेली आणि त्याने रीतसर मदत घेतली. वर्षाचे झाले २६,०००, सरासरी १,०००. प्रोग्रामच्या मते तो बेकारीच्या काळातही पंधरवड्याला १,००० डॉलर कमावत होता आणि लपवत होता. लगेच वसुलीचं पत्र. ‘नाही’ म्हणायचं तर काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणून दाखवा. आधी हेच काम कर्मचारी करत, मालकाकडून माहिती मागवून खात्री करून घेत. २०१६पासून ते यंत्रावर सोपवलं आणि खात्री करायचं काम मदत घेणाऱ्यांवर ढकललं. २०१९च्या शेवटी न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने जुलै २०२३च्या अहवालात तिला ओबडधोबड आणि क्रूर म्हटलं. भागाकार बिनचूक होता, बरं का. संगणकाने एकही गणित चुकवलं नव्हतं.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात हजारो पालकांवर लबाडीचा शिक्का बसला. अर्जांची जोखीम ठरवताना नागरिकत्वही विचारात घेतलं जात होतं. त्या प्रकरणात १५ जानेवारी २०२१ला अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राजीनामा द्यायचाच असेल, तर त्याला लायक माणसं कोण, हे यावरून लक्षात येईल!

आता ‘माणसं याहून जास्त चुकतात’. हे विधान मी उडवून लावणार नाही. कचेरीतला माणूस म्हणजे देवमाणूस असं मी कधीच मानलं नाही. तो कंटाळतो, ओळखीच्याला पुढे घेतो, चेहरा पाहून नियम वाकवतो. प्रोग्राम खिसा बघत नाही, ही त्याची बाजू खरी आहे, आणि खरोखर दोनदा पैसे उचलणारे तो पकडेल. पण दहा कर्मचारी दहा तऱ्हांनी चुकतात. एकाकडे काम झालं नाही तर माणूस दुसऱ्या खिडकीवर जातो. प्रोग्रामची चूक एका रात्रीत सगळीकडे सारखीच होते, दुसरी खिडकी उरतच नाही. आणि तुमच्याकडे तर यंत्र विरुद्ध माणूस अशी निवडच नव्हती. मूळ आराखड्यात दोघंही होते. त्यातला माणूस गाळला तो मुदतीसाठी, अचूकतेसाठी नव्हे. मॅनेजरच्या वाक्याने हे झाकलं गेलं, म्हणून तुम्हाला ते खोडता आलं नाही.

तुम्ही नवा मुद्दा काढताय असंही समजू नका. याद्या जुळवून लोकांचे पैसे थांबवायचे नाहीत, आधी ती माहिती स्वतंत्रपणे पडताळायची, संबंधिताला कळवायचं आणि बाजू मांडायला वेळ द्यायचा, असा कायदा अमेरिकेच्या संघराज्याने १९८८ साली केला. त्याचं नावच संगणकीय जुळवणीवरून आहे. तेव्हा तुम्ही-आम्ही जे आज करतो ते मोठाल्या मशीनांवर टेपच्या रिळांनी चालायचं, आणि दुखणं हेच होतं. युरोपात २५ मे २०१८पासून लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्याचं २२वं कलम सांगतं, की ज्याने माणसाच्या हक्कांवर किंवा आयुष्यावर मोठा परिणाम होतो तो निर्णय, काही अपवाद सोडता, निव्वळ यंत्राने घेतलेला नसावा. त्यावर पळवाट निघाली, की यंत्र फक्त गुण देतं, निर्णय दुसरंच कुणी घेतं. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती बरीचशी बुजवली. जर्मनीतल्या पत-गुणांच्या प्रकरणात ते म्हणालं, की पुढचा माणूस त्या गुणांवरच प्रामुख्याने विसंबत असेल, तर गुण देणं हाच निर्णय समजावा.

हे वाचून मला तुमच्या कर्मचाऱ्याची स्क्रीन आठवली. एका बाजूला एक क्लिक, दुसऱ्या बाजूला लेखी कारण आणि वरिष्ठांची सही. दिवसाला दीडशे तक्रारी निपटायच्या असतील तर तो बिचारा काय दाबेल? तक्रार माणसाने पाहिली असं कागदावर दिसेल, आणि पाहिलं असेल बटणाने. ही गोष्ट बदलायला कायदा लागत नाही, तुमच्यासारखी एक व्यक्ती आणि एक दुपार लागते. दोन्ही बाजूंना सारखेच कष्ट ठेवा. शिक्का कायम करायचा तरी कारण लिही, काढायचा तरी लिही. वरिष्ठांची सही हवीच असेल, तर ती पैसे थांबवण्यावर घ्या.

तुमचे यजमान म्हणतात, तू धोरण ठरवत नाहीस. त्यांची काळजी मला समजते, हप्त्याची तारीख कुणाला चुकत नाही. पण हे वाक्य बरोबर नाही. खात्याच्या आदेशात ‘दुबार लाभ देऊ नये’ इतकंच असणार. दुबार म्हणजे किती गुण, हे कुठल्याच आदेशात लिहिलेलं नसेल. ते तुमच्या फाइलीतल्या एका आकड्यात आहे. तो कुणी ठरवला? बहुतेक तुम्हीच, एखाद्या संध्याकाळी, ‘सध्या ८५ ठेवू, नंतर बघू’ म्हणत. तोच आकडा आता धोरण आहे. यात तुम्हाला गुन्हेगार ठरवायचा माझा हेतू नाही; तुमच्या हातात काहीच नाही असं तुम्हाला वाटतंय, ते तेवढं खरं नाही, एवढंच.

म्हणून आता बोलायला जायच्या आधी मोजा. पैसे न थांबवता संपूर्ण यादीवर प्रोग्राम एकदा नुसता चालवण्याची परवानगी मागा; ‘रिलीजआधीचा लोड किती येतो ते बघते’ म्हणालात तर कुणी अडवणार नाही, आणि ते खोटंही नाही. शिक्के किती बसतात ते बघा. त्यांतले दोनशे अर्ज चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही उचला. सगळ्यांत जास्त गुणांचे दोनशे घेऊ नका, ते बरोबरच निघतील आणि तुम्हीच स्वतःला फसवाल. हे दोनशे खात्यातल्या माणसाबरोबर बसून हाताने तपासा. चाळीस चुकीचे निघाले, तर पाचातला एक शिक्का चुकीचा आहे असं तुम्ही साधारणपणे म्हणू शकता, आणि त्या वाक्यापुढे ‘९९ टक्के’ फिकं पडेल. दोनच निघाले, तर तुमची झोप परत येईल आणि मॅनेजर बरेचसे बरोबर होते हे मोकळेपणाने मान्य करा. तेही होऊ शकतं. यादीतलं एकही नाव मात्र घरच्या लॅपटॉपवर किंवा स्वतःच्या ईमेलवर नेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्यांच्या माहितीचा गैरवापर आहे, आणि उद्या तुमच्याविरुद्ध पहिला मुद्दा तोच निघेल.

मग एका पानाचं टिपण लिहा. त्यात अन्याय, माणुसकी, संवेदनशीलता हे शब्द घालू नका. ते वाचणारा स्वतःच्या मनात घालेल. शिक्के किती, त्यांतले चुकीचे किती, एका चुकीच्या शिक्क्याने एका कुटुंबाचे किती दिवसांचे पैसे अडतात आणि इतक्या तक्रारी निस्तरायला किती कर्मचारी-तास लागतील. शेवटचा आकडा सगळ्यांत जास्त वाचला जातो, हा अनुभव. खाली मागण्या थोडक्यात: तपासणीआधी पैसे थांबवू नयेत, निदान जिथे दोन्ही अर्जांत १ जानेवारी आहे तिथे तरी नको. आणि माणसाला जाणाऱ्या पत्रात ‘तुमचा अर्ज डुप्लिकेट आढळला’ एवढंच न लिहिता कुठल्या नोंदीशी काय जुळलं ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगावं. आपल्याला नेमकं काय खोडायचं आहे हेच कळलं नाही, तर माणूस खोडणार कसं? दुसऱ्याची खासगी माहिती उघड न करता हे करता येतं. ‘याच जन्मतारखेची आणि याच पत्त्याची आणखी एक नोंद आहे’ एवढं पुरे. घरात जुळी मुलं असलेली आई लगेच ओळखेल.

टिपण आधी मॅनेजरना द्या, ईमेलने. त्यांना डावलून वर जाऊ नका. त्यांनी ठरवलं ते दबावाखाली ठरवलं असणार, आणि माघार घ्यायला त्यांना एखादं कारण हवंच असेल. सोबत एक साधा प्रश्न विचारा, की तपासणीचा टप्पा काढण्याला खात्यातून लेखी मंजुरी कुणी दिली? कधी कधी असं निघतं, की कुणीच दिलेली नाही. क्लायंटला वाटतं कंपनीने केलं, कंपनीला वाटतं क्लायंटला हवं होतं. सही कुणाची, हा प्रश्न लेखी आला की भल्याभल्यांना तो टप्पा पुन्हा आठवतो. उत्तर आलं नाही, तर आठवडाभराने त्याच ईमेलला धरून पुन्हा विचारा, आणि मग खात्याच्या ज्या अधिकाऱ्याची सही लागणार आहे त्याच्यापर्यंत कंपनीच्या रीतीने ते टिपण जाऊ द्या. एकट्या जाऊ नका. टीममध्ये चाचणी करणारं कुणीतरी असतंच, ज्याच्या पोटात हीच भीती असते.

राजीनाम्याबद्दल. १९८५ साली डेव्हिड पारनास या संगणकशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या अंतराळ-संरक्षण योजनेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला होता. असं सॉफ्टवेअर भरवशाचं का होऊ शकत नाही याची निव्वळ तांत्रिक कारणं त्याने लेख लिहून मांडली, आणि ते लेख लोक अजून वाचतात. पण तो विद्यापीठात प्राध्यापक होता. मंडळ सोडलं तरी त्याचं पोट त्यावर नव्हतं आणि बोलायला व्यासपीठ होतं. तुम्ही आज गेलात तर त्या आकड्यापाशी तुमची जागा दुसरा कुणी घेईल, आणि त्याला हे प्रश्न पडलेलेच नसतील. होरायझनच्या प्रकरणात रिचर्ड रोल हा पुरवठादार कंपनीत पूर्वी काम केलेला अभियंता २०१५ साली बीबीसीवर म्हणाला, की शाखांच्या हिशेबात बाहेरून शिरता येत होतं. पोस्ट ऑफिस तोवर ते नाकारत होतं. पुढे न्यायालयातल्या त्याच्या साक्षीला मोल आलं, ते आत काय चालायचं हे त्याने स्वतः पाहिलेलं होतं म्हणून.

संगणक व्यावसायिकांच्या एसीएम या संघटनेची आचारसंहिता २०१८ साली नव्याने लिहिली गेली. ज्या धोक्याने कुणाचं नुकसान होईल तो कळवणं हे व्यावसायिकाचं कर्तव्य आहे, वरिष्ठांनी काहीच केलं नाही तर बाहेर वाच्यता करण्याची वेळही येऊ शकते, असं ती म्हणते. आणि त्याच परिच्छेदात बजावते, की उतावळेपणाने किंवा चुकीच्या समजुतीवर केलेली वाच्यताही नुकसान करते. आज तुमच्याकडे अस्वस्थता आहे, मोजलेलं काही नाही. मोजा, लिहा, विचारा. हे सगळं करूनही चुकीचे शिक्के डोळ्यांदेखत चालू राहिले, तर मला पुन्हा लिहा. पण त्याआधी एखाद्या वकिलाला भेटा, नोकरीच्या करारातल्या गुप्ततेच्या अटी घेऊन. तिथे माझा सल्ला पुरा पडणार नाही. दरम्यान हप्त्यांची सोय म्हणून बायोडेटा अद्ययावत करून ठेवलात तर त्यात गैर काही नाही. हे यजमानांनाही सांगा, त्यांचा जीव थोडा खाली येईल.

आणि सोमवारी कामावर गेलात की सगळ्यांत आधी पाच मिनिटांची एक चाचणी घ्या. दोन नोंदी तयार करा. आडनाव तेच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच. एकीचं नाव लीना, दुसरीचं नीना. तुमचा प्रोग्राम काय म्हणतो ते मला कळवा.